टोन बोटात, धूर फोटोत

रॉक गिटारिस्टचं चित्र काढा असं कुणी सांगितलं, तर तुम्ही काय काढाल? लांब केस. गुडघ्यापर्यंत लोंबणारी गिटार. आणि ओठांत सिगरेट. ती शेवटची गोष्ट नसली तर चित्र अर्धवट वाटतं, खरं की नाही? उंच काळी हॅट घातलेला स्लॅश आठवा. ओठाच्या कोपऱ्यात सिगरेट लटकवून डोळे मिटलेला जिमी पेज आठवा. आणि कीथ रिचर्ड्सचा सिगरेटशिवायचा जुना फोटो शोधून दाखवा, आपल्यातर्फे कटिंग!

या फोटोंनी पिढ्यान् पिढ्या पोरांच्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसवलंय. गिटारला जो खरबरीत, जळका, दमदार आवाज असतो ना, तो त्या धुरातूनच येतो. सिगरेट ओढणारा गिटारिस्ट ‘खरा’, आणि पाण्याची बाटली घेऊन वाजवायला येणारा ‘क्लासवाला’. कुणी उघड म्हणत नाही, पण मनात असतंच. आणि हे फक्त गिटारवाल्यांचं नाही. ऑफिसखालच्या टपरीवर उभे राहणारे तेवढे क्रिएटिव्ह आणि वर डबा खाणारे तेवढे बोअर, हाही त्याच फंड्याचा धाकटा भाऊ.

तर आज हिशोब करून टाकू. रॉकचा टोन नक्की आला कुठून? मेटल नावाचं प्रकरण सुरू झालं कुठे? आणि त्यात सिगरेटचा वाटा किती? आधीच सांगतो, उत्तर ऐकून टपरीवाला खूश होणार नाही.

टोन म्हणजे काय रे भाऊ?

गिटारवाले दिवसरात्र ज्या ‘टोन’बद्दल बोलत असतात, तो सूर नव्हे. सूर पेटीवरही तोच आणि बासरीवरही तोच. टोन म्हणजे त्या सुराचा पोत. लताबाई आणि आशाबाई एकच ओळ गायल्या, तरी दुसऱ्या अक्षराला आपण ओळखतो ना, कोण गातंय ते? बस, तेच.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये हा पोत बऱ्याच ठिकाणी घडतो. बोटांत, तारेत, तारेखालच्या पिकअपमध्ये, अ‍ॅम्पमध्ये आणि शेवटी स्पीकरच्या कागदात. होय, कागदात! जुन्या स्पीकरचा कोन कागदाचाच. आणि गंमत म्हणजे रॉकच्या टोनची सुरुवात हा कागद फाडण्यापासून झाली असं म्हटलं तरी चालेल.

लिंक रे नावाचा अमेरिकन गिटारिस्ट. १९५८ मध्ये त्याची ‘रंबल’ ही धून आली. स्टेजवर जसा घाणेरडा आवाज मिळाला होता तसा स्टुडिओत मिळेना, म्हणून पठ्ठ्याने पेन्सिल घेतली आणि अ‍ॅम्पच्या स्पीकरला भोकं पाडली. जो फरफरणारा आवाज निघाला, तो ऐकून काही रेडिओ स्टेशन्सनी ती धून वाजवायचंच बंद केलं. तिच्यात एकही शब्द नाही, बरं का! शब्द नसलेल्या गाण्यावर बंदी, म्हणजे आवाज किती डेंजर वाटला असेल बघा.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. या लिंक रेला फुप्फुस एकच होतं. अमेरिकन सैन्यात गेला, क्षयरोग झाला आणि एक फुप्फुस काढावं लागलं. गाणं जमणं कठीण झालं, म्हणून त्याने गिटारलाच बोलायला लावलं. म्हणजे रॉकच्या सगळ्यात जुन्या रांगड्या आवाजांपैकी एक आला तो अपुऱ्या श्वासातून. धुरातून नव्हे.

१९६४ मध्ये लंडनमध्ये द किंक्सच्या डेव्ह डेव्हीजने तोच उद्योग ब्लेडने केला. छोटासा स्वस्त अ‍ॅम्प, त्याच्या स्पीकरचा कागद कापला आणि ‘यू रिअली गॉट मी’ला तो कुरतडल्यासारखा आवाज मिळाला. गाणं ब्रिटनमध्ये एक नंबरवर गेलं. डेव्ह तेव्हा सतरा वर्षांचा होता. आपण त्या वयात बारावीच्या क्लासच्या फीची पावती सांभाळत होतो.

लाटेचा माथा छाटला की

पुढे मंडळी शहाणी झाली. स्पीकर फाडायची गरज नाही, अ‍ॅम्प फुल्ल केला तरी तेच होतं, हे कळलं. आजोबांकडे व्हॉल्व्हचा रेडिओ होता ना, गरम व्हायला वेळ घेणारा? तसेच काचेचे व्हॉल्व्ह गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये असतात. त्यांच्यात त्यांच्या ताकदीपेक्षा जास्त सिग्नल ढकलला की ध्वनिलहरीचा माथा छाटला जातो. डोंगर होता, त्याचं पठार होतं. या छाटणीतून मूळ सुराच्या डोक्यावर नवेनवे उपस्वर उगवतात. आवाज जाड होतो, जळका होतो आणि जास्त वेळ टिकतो. याला म्हणायचं डिस्टॉर्शन.

१९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या ‘ब्लूज ब्रेकर्स’ अल्बमसाठी लेस पॉल गिटार मार्शलच्या अ‍ॅम्पला जोडली आणि आवाज स्टेजवर असतो तितकाच ठेवायचा हट्ट धरला. स्टुडिओतले लोक हैराण. पण तो अल्बम आजही टोनच्या शाळेतलं पहिलीचं पुस्तक मानला जातो.

इथे एक सावधगिरीची सूचना. महाग साहित्य म्हणजे चांगला टोन, असंही नाही. लेड झेपलिनचा १९६९ चा पहिला अल्बम ऐका. डोंगर कोसळल्यासारखी गिटार आहे. डोळ्यांसमोर लेस पॉल आणि मार्शलची भिंत उभी राहते. प्रत्यक्षात पेजने तिथे मुख्यतः टेलिकास्टर आणि सुप्रो नावाचा छोटेखानी अ‍ॅम्प वापरला होता. स्लॅशचंही तसंच. गन्स अँड रोझेसच्या १९८७ च्या ‘अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’वर ज्या लेस पॉलच्या आवाजाने लोक वेडे झाले, ती गिब्सन कंपनीची नव्हतीच. एका कारागिराने हाताने बनवलेली नक्कल होती. आहे की नाही मज्जा?

चोवीस हजार डॉलरचा चटका

मग सिगरेट गिटारवर आली कुठून? फार साधं कारण आहे, बॉस. वाजवताना दोन्ही हात अडकलेले असतात. पेटवलेली सिगरेट ठेवायची कुठे? गिटारच्या वरच्या टोकाला, जिथे खुंट्या असतात, तिथे तारांची टोकं बाहेर आलेली असतात. त्यात खोचून टाकायची. क्लॅप्टन खोचायचा, एडी व्हॅन हेलन खोचायचा. सोलो संपेपर्यंत सिगरेट जळत खाली यायची आणि लाकडाला काळा चटका द्यायची. बस. टोनशी संबंध शून्य. ज्याला अ‍ॅशट्रे लांब पडतो, त्याची ही सोय.

पण फॅन लोकांना सोय दिसत नाही, शकुन दिसतो. क्लॅप्टनची ‘ब्लॅकी’ नावाची काळी स्ट्रॅटोकास्टर घ्या. १९७० च्या सुमारास नॅशव्हिलमध्ये स्वस्तात घेतलेल्या जुन्या गिटार्सपैकी तिघींचे चांगले चांगले भाग काढून त्याने ती जोडली होती. वर्षानुवर्षं वाजवली, तिच्या टोकाला सिगरेटचा चटका पडला. २००४ च्या लिलावात तिला ९ लाख ५९ हजार ५०० डॉलर मिळाले. २००६ मध्ये फेंडर कंपनीने तिच्या हुबेहूब २७५ नकला काढल्या. किंमत एकेकीची २४ हजार डॉलर. ओरखडे तसेच, झिजलेला रंग तसाच आणि सिगरेटचा चटकाही तसाच, कारखान्यात पाडलेला! आणि सगळ्या हातोहात खपल्या.

आता यातला खरा विनोद ऐका. मूळ ब्लॅकीच्या लिलावाचा पैसा गेला कुठे? क्लॅप्टनने अँटिग्वा बेटावर उभारलेल्या क्रॉसरोड्स या केंद्राला. ते केंद्र कसलं? व्यसनमुक्तीचं. म्हणजे ज्याच्या गिटारवरचा चटका लोक देवाच्या अंगाऱ्यासारखा विकत घेत होते, तो माणूस त्याच गिटारच्या पैशातून लोकांची व्यसनं सोडवत होता. चटका घेणाऱ्यांपर्यंत हा निरोप पोचला की नाही, देव जाणे.

बर्मिंगहॅमचा डावरा पोरगा

चला, आता मेटलच्या मुळापाशी जाऊ. त्यासाठी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला जावं लागेल. हे कारखान्यांचं शहर. भट्ट्या, प्रेस, पत्रे, घामाचा वास. अ‍ॅस्टन भागात टोनी आयोमी नावाचा डावरा पोरगा राहायचा. पत्र्याच्या कारखान्यात नोकरी आणि संध्याकाळी गिटार. १९६५ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, त्याला युरोपात वाजवायची संधी आली. म्हणून नोकरी सोडली. शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला आणि म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, काम धरलंय तर दिवस पुरा करून ये. कुठल्याही मराठी आईने हेच सांगितलं असतं.

परत गेला. त्या दिवशी शेजारच्या मशीनवरचा माणूस आला नव्हता, म्हणून टोनीला सवय नसलेल्या मशीनवर बसवलं. पत्रा सरकवताना प्रेस हातावर आली. झटक्याने हात ओढला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तिथेच राहिली.

डावखुरा गिटारिस्ट तारा दाबतो तो उजव्या हाताने. म्हणजे नेमका जो हात लागतो, तोच गेला. डॉक्टरांनी सांगून टाकलं, गिटार विसर.

तो घरी सुन्न बसलेला असताना कारखान्यातला फोरमन एक रेकॉर्ड घेऊन आला. टोनीला ऐकायचीच नव्हती. तरी फोरमनने लावली. वाजवणारा होता जँगो राइनहार्ट, युरोपातला थोर जॅझ गिटारिस्ट. ऐकून झाल्यावर फोरमनने सांगितलं की हा माणूस दोनच बोटांनी सोलो वाजवतो. १९२८ मध्ये जँगोच्या घोडागाडीतल्या घराला आग लागली होती आणि त्याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं कायमची आखडली होती. झालं. टोनी उठला.

पुढे त्याने जे केलं, त्याला आपल्याकडे शुद्ध जुगाड म्हणतात. भांडी घासायच्या लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली घेतली, वितळवून तिच्या टोपणांसारख्या टोप्या बनवल्या, बोटांच्या मापाच्या घासल्या आणि तारेवरून घसरू नयेत म्हणून वरून चामड्याचा तुकडा चिकटवला. शिवणकामाचं अंगुस्तान असतं ना, तसं. ते घालून पुन्हा पहिल्यापासून गिटार शिकला.

पण प्लॅस्टिकच्या टोपीला तार जाणवत नाही. किती जोर लावतोय ते कळत नाही. जाड तारा ओढल्या की बोट दुखतं. तेव्हा गिटारच्या पातळ तारांचे सेट मिळत नव्हते, म्हणून त्याने बँजोच्या तारा आणून बसवल्या. तरी ताण जास्तच वाटायचा. मग पुढे त्याने तारा चक्क सैल सोडल्या. पेटीच्या भाषेत सांगायचं तर गिटारची सगळ्यात जाड तार साधारणतः पांढरी तीनला लावतात. आयोमीने ती काळी एकपर्यंत खाली आणली. तीन पट्ट्या खाली! आणि त्याबरोबर बाकीच्या ताराही.

तार सैल, सूर खाली, वर अ‍ॅम्प फुल्ल. जो आवाज निघाला, तो तोवर कुणी ऐकलेला नव्हता. जड. काळाकुट्ट. ट्रक हळूहळू अंगावर यावा तसा. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ अल्बमवर तो ऐकू येतो. त्यानंतरच्या पन्नासेक वर्षांत हजारो बँडनी ‘हेवी’ वाटावं म्हणून तारा खाली सोडल्या. पण मूळ कारण काय होतं? दुखणाऱ्या बोटांना आराम. इतकंच.

सा, प आणि तीव्र म

थोडं मागे जाऊ. आयोमी आणि अ‍ॅस्टनचेच तीन दोस्त, गायक ऑझी ऑझबर्न, बेसवर गीझर बटलर, ड्रम्सवर बिल वॉर्ड. बँडचं नाव ब्लॅक सॅबथ. पहिला अल्बम लंडनच्या एका स्टुडिओत जवळपास एका दिवसात उरकला. ऑक्टोबर १९६९. त्यातही एक लोचा झाला. एक गाणं होतंय तोच आयोमीच्या स्ट्रॅटोकास्टरचा पिकअप बंद पडला. मग त्याने नाइलाजाने दुसरी गिटार उचलली, गिब्सनची एसजी. त्या नाइलाजाचाच पुढे मेटलमध्ये युनिफॉर्म झाला. अल्बम बाहेर आला १३ फेब्रुवारी १९७० ला आणि बरेच लोक मेटलची जन्मतारीख हीच धरतात.

या अल्बमचं पहिलं गाणं, बँडच्याच नावाचं. त्याची रिफ फक्त तीन सुरांची आहे. सा, वरचा सा आणि मग तीव्र मध्यम. गीझर बटलरला होल्स्टच्या ‘मार्स’ या सिंफनीवाल्या रचनेचं वेड होतं, ते तो बेसवर वाजवायचा. त्यातून आयोमीला ही रिफ सुचली. सा ते तीव्र म या अंतराला पाश्चात्त्य लोक सैतानाचं अंतर म्हणतात. चर्चने त्यावर बंदी घातली होती वगैरे गोष्टी रंगवून सांगतात, त्यांना पुरावा काही नाही. आपल्याला तर हसूच येईल. हा तीव्र मध्यम आपण यमनमध्ये रोज संध्याकाळी प्रेमाने गातो. त्यांच्याकडे सैतान, आपल्याकडे दिवेलागण! सूर तोच, पोत वेगळा. याला म्हणतात टोन.

आणि पॉवर कॉर्ड? तेही आपल्या ओळखीचंच. सा, प आणि वरचा सा. तानपुऱ्यासारखं. कारण डिस्टॉर्शनमध्ये मधला गंधार घातला की सगळ्या उपस्वरांची आपसात मारामारी होते आणि चिखल होतो. सा आणि प मात्र भांडत नाहीत. शिवाय दोन-तीन बोटांत काम होतं. ज्याच्या दोन बोटांवर प्लॅस्टिकच्या टोप्या आहेत, त्याला याहून सोयीचं काय असणार?

मग धूर कुठेय?

आहे ना. थोडासा आहे. ज्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’वर तारा खाली आल्या, त्याचं पहिलंच गाणं ‘स्वीट लीफ’. ते सुरू होतं खोकल्याने. खराखुरा खोकला, फिरून फिरून वाजवलेला. स्टुडिओत आयोमी वाजवत असताना ऑझीने त्याला गांजाची सिगरेट दिली. एक झुरका आणि आयोमीला जो ठसका लागला, तो टेपवर आला. बँडला गंमत वाटली, ठेवून दिला. गाण्याचं नावही गीझर बटलरला आयर्लंडहून आणलेल्या सिगरेटच्या पाकिटावरच्या ओळीवरून सुचलं. गाणं गांजाबद्दलचं, नाव सिगरेटच्या पाकिटावरचं.

म्हणजे एकाच अल्बमवर दोन गोष्टी आहेत. एक खोकला आणि एक जखमी हात. सगळ्या जगाच्या मेटलने पुढे जे वाजवलं, ते कशातून आलं? हातातून. खोकल्याचं पुढे काही झालं नाही. तो खोकलाच राहिला. पण नक्कल करायला काय सोपं? पाकीट टपरीवर मिळतं, हात मिळत नाही.

बिल कुणाच्या नावावर?

आता जरा सिरियस. कारण या फोटोंचं बिलही आलं, आणि ते फोटोत दिसत नाही.

स्लॅशची आई ओला हडसन, कपड्यांची नामांकित डिझायनर. २००९ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने गेली. त्याच वर्षी स्लॅशने सिगरेट सोडली. तोवर ती सिगरेट त्याच्या हॅटइतकीच त्याची ओळख होती. त्यानंतरचे त्याचे अल्बम ऐका. टोन कुठे गेलाय का? जागच्या जागी आहे.

एडी व्हॅन हेलनने १९७८ मध्ये ‘इरप्शन’ वाजवून गिटारचं व्याकरण बदललं. स्वस्तात घेतलेली बॉडी आणि वेगळी मान जोडून त्याने स्वतःची गिटार घडवली होती. शिट्टी मारू नये म्हणून पिकअप मेणात बुडवला होता. २००० च्या सुमारास त्याला जिभेचा कॅन्सर झाला, जिभेचा तिसरा हिस्सा काढावा लागला. आपण धातूची पिक तोंडात धरायचो म्हणून हे झालं, असं तो स्वतः म्हणायचा. पण तो वर्षानुवर्षं दणकून सिगरेट ओढणारा होता, आणि तंबाखू तोंडाचं काय करते हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. ६ ऑक्टोबर २०२० ला तो गेला. वय ६५.

आणि साक्षात कीथ रिचर्ड्स! ज्याच्याबद्दल जगबुडी झाली तरी हा उरणार असे विनोद चालतात, त्यानेही सत्तरी उलटल्यावर सिगरेट सोडली आणि २०२० मध्ये तसं जाहीर सांगितलं. आपल्या कटिंगच्या पैजेवर आता नव्या फोटोंचा धोका आहे.

पण मला सगळ्यात जास्त छळते ती वेगळी गोष्ट. बर्जर्स डिसीज नावाचा एक आजार आहे. १९०८ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर लिओ बर्जर यांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून हे नाव. तो जवळपास फक्त तंबाखू घेणाऱ्यांनाच होतो, आणि बहुतेक वेळा पन्नाशीच्या आतल्या माणसांना. हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या सुजतात, गुठळ्या होऊन बंद पडतात. आधी बोटं गार पडतात, दुखतात, मग टोकं काळी पडतात. वेळेवर थांबलं नाही तर कापावी लागतात. आपल्या देशात विडी ओढणाऱ्यांमध्येही तो दिसतो. खात्रीचा उपाय एकच, तंबाखू पूर्ण बंद. कमी करून भागत नाही.

हा आजार तसा दुर्मीळ आहे, उगाच घाबरवत नाही. पण साध्या सिगरेटनेही निकोटिन बोटांच्या रक्तवाहिन्या आवळतं, बोटं गार होतात. गार बोटांनी गिटार वाजवून बघा एकदा. टोन म्हणजे बोटं, आणि आपण जाळतोय काय, तर बोटांचं रक्त! आयोमीची बोटांची टोकं मशीनने नेली, त्याला विचारलंसुद्धा नाही. ती परत मिळवण्यासाठी त्याने बाटल्या वितळवल्या. आणि इथे धडधाकट दहा बोटांची पोरं पैसे मोजून तीच टोकं पणाला लावतात, त्याच्यासारखं ‘मेटल’ दिसावं म्हणून. यापेक्षा उलटी गोष्ट कुठली असेल?

नाही म्हणायला एसी/डीसीचा अँगस यंग आहे. दारूला स्पर्श नाही, पण चहा आणि सिगरेट जोरात. आपल्या ऑफिसातल्या निम्म्या जनतेसारखा. तुम्ही लगेच त्याचा दाखला द्याल. पण त्याचा टोन ऐका नीट. एसजी, मार्शल आणि जवळपास दुसरं काही नाही. लोकांना वाटतं त्यापेक्षा त्याचं डिस्टॉर्शन खूप कमी आहे. ‘बॅक इन ब्लॅक’मध्ये एकेक तार सुटी ऐकू येते. तो जोर मनगटाचा आहे. त्यातून सिगरेट वजा करा, चहा ठेवा. टोन तोच राहील.

करून बघा

घरी गिटार धूळ खात पडलीय? मग या वीकेंडला एवढं करा.

एक, अ‍ॅम्पचा गेन निम्म्यावर आणा. डिस्टॉर्शनच्या पडद्याआड चुका लपतात, तशी बोटंही लपतात.

दोन, उजवा तळहात तारांच्या मुळाशी हलकाच टेकवून वाजवा. तो जो ‘जग-जग’ आवाज येतो, त्यात निम्मं मेटल आहे. डावरे असाल तर डावा तळहात, आयोमीसारखा.

तीन, बोटं दुखत असतील तर पातळ तारा लावा आणि ट्यूनिंग एक-दोन पट्ट्या खाली घ्या. लाजू नका. हा शॉर्टकट नाही, हा इतिहास आहे.

चार, ज्यांच्याकडे गिटार नाही त्यांनी हेडफोन लावून या क्रमाने ऐका: ‘रंबल’, ‘यू रिअली गॉट मी’, ‘ब्लॅक सॅबथ’, ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’, ‘इरप्शन’. अर्ध्या तासात वीस वर्षांचा प्रवास.

पाच, चारच्या सुमाराला खाली जायची तलफ येते, तेव्हा नीट बघा, नक्की काय हवंय. बऱ्याचदा दहा मिनिटं मोकळी हवा, बॉसच्या नजरेआडची जागा आणि दोन माणसांशी गप्पा हव्या असतात. हे सगळं फुकट मिळतं. सिगरेट हे त्याचं फक्त तिकीट झालंय, आणि तिकीट महाग आहे. सोडायचंच ठरवलं तर पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी हेल्पलाइनचा नंबर फक्त छपाईसाठी नाही. लावा.

५ जुलै २०२५ ला ब्लॅक सॅबथचे मूळ चौघे शेवटचे एकत्र आले. अ‍ॅस्टनमध्येच, व्हिला पार्कच्या फुटबॉल मैदानावर, लहानपणीच्या गल्ल्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पार्किन्सन्सने थकलेला ऑझी सिंहासनावर बसून गायला. सतराच दिवसांनी, २२ जुलैला, तो गेला. त्या रात्री त्याच्या बाजूला ७७ वर्षांचा आयोमी उभा होता, उजव्या हाताच्या दोन बोटांवर टोप्या चढवून. ज्या माणसाला साठ वर्षांपूर्वी गिटार विसर म्हणून सांगितलं होतं, त्याने पहिला सूर छेडला आणि अख्ख्या मैदानाला कळलं, हा कोण आहे ते.

ओठांत सिगरेट नव्हती. कुणाला आठवलीही नाही.